रांगेतली शेवटची फियाट

जुन्या मोटारींच्या रॅलीत रांग वयाप्रमाणे लागते. पितळी दिव्यांच्या, लाकडी आऱ्यांच्या गाड्या सगळ्यांत पुढे. त्यांच्या मागे दोन महायुद्धांमधल्या रोल्स-रॉइस, ब्यूक, पॅकार्ड. मग युद्धानंतरच्या ऐसपैस अमेरिकन गाड्या. आणि अगदी शेवटी, बहुतेकदा मैदानाच्या कुंपणाला लागून, अँबेसेडर, स्टँडर्ड हेराल्ड आणि फियाट. छायाचित्रकार पुढच्या गाड्यांपाशीच थांबतात. प्रमुख पाहुणे झेंडा दाखवून निघून जातात, तेव्हा शेवटच्या ओळीतली इंजिने नुकती सुरू होत असतात.

माझी गाडी त्या ओळीतली आहे. प्रीमियर पद्मिनी, नोंदणी 1975ची. वडील भिलाई पोलाद कारखान्यात नोकरीला असताना त्यांनी घेतलेली, आता मी चालवते. भिलाई-दुर्गमधल्या जुन्या गाड्यावाल्यांचा आमचा एक लहानसा, बिननोंदणीचा गट आहे. मुंबई-पुण्याकडच्या मोठ्या क्लबांच्या रॅलीही मी जवळून पाहिल्या आहेत. या मंडळींकडून मला पुष्कळ मिळाले. स्नेह मिळाला, शिकायला मिळाले, अडीअडचणीला धावून येणारी माणसे मिळाली. मान-अपमान, गटबाजी आणि पैशाची मिजासही इथेच पाहिली. या सगळ्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. क्लबाचे खरे काम त्या शेवटच्या ओळीत आहे, आणि तिच्याही मागे हातात पाना घेऊन उभ्या असलेल्या मिस्त्र्यांमध्ये आहे. पुढच्या ओळीला मालकाचा पैसा सांभाळतो. शेवटच्या ओळीला एकमेकांशिवाय कोणी नाही.

हे भिलाईतून जितके स्पष्ट दिसते तितके मुंबईतून दिसत नसावे. भारत आणि सोव्हिएत रशिया यांच्यात भिलाईच्या कारखान्याचा करार 2 फेब्रुवारी 1955 रोजी झाला. तेव्हा हा भाग ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. भोपाळ पुढच्या वर्षी, नोव्हेंबर 1956मध्ये आले. म्हणजे भिलाईचे पहिले कागद नागपूरच्या कचेऱ्यांतून फिरलेले आहेत. विदर्भातली कितीतरी मराठी कुटुंबे इकडे आली, आमचे त्यांतलेच. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. सेक्टर आखले गेले, रुंद रस्ते झाले, दोन्ही बाजूंनी झाडे लागली. या गावाला राजवाडा नाही, संस्थान नाही, महाराजांचे गॅरेज नाही. कोल्हापूरच्या छत्रपतींची मायबाख हे महाराष्ट्राच्या मोटारप्रेमींचे भूषण आहे. तसे भूषण भिलाईच्या वाट्याला येणे शक्यच नव्हते. इथे पाळी बदलायच्या वेळी कारखान्याच्या फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, नंतर स्कूटरींचा. मोटार ही फोरमनने, इंजिनियरने, सेक्टर 9च्या रुग्णालयातल्या डॉक्टरने कर्ज काढून आणि नंबर लावून घ्यायची वस्तू होती.

म्हणून भिलाईच्या जुन्या गाड्या कारखान्याच्याच वयाच्या आहेत, आणि जवळजवळ सगळ्या देशी. कुर्ल्याची फियाट, उत्तरपाड्याची अँबेसेडर, मद्रासची हेराल्ड, महिंद्राची जीप. एक गोष्ट नव्या लोकांना मी मुद्दाम सांगते. भिलाईच्या पोलादाची मोटार नसते. आमचा कारखाना रूळ, गर्डर, वायर रॉड आणि जाड प्लेट काढणारा. मोटारीच्या अंगाला लागणारा पातळ पत्रा राउरकेल्यासारख्या कारखान्यांचा. तरीही जुनी गाडी टिकवायला भिलाईइतके सोयीचे गाव मला दुसरे माहीत नाही. ते का, हे सांगण्यासाठी आधी फियाटचे थोडे सांगितले पाहिजे.

प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944मध्ये उभी केलेली कंपनी. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज आणि प्लिमथ जोडल्या गेल्या, मग फियाट आली. 1954च्या सुमारास आलेल्या फियाट 1100ला मुंबईकरांनी डुक्कर फियाट म्हटले. गुबगुबीत अंग, पुढचे दरवाजे उलटे उघडणारे. त्यानंतर सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, 1964ची डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि 1974पासून पद्मिनी. इंजिन 1089 सीसीचे, चार सिलिंडरचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. बॉनेट उघडले की सगळे समोर दिसते: सोलेक्सचा कार्बुरेटर, पेट्रोलचा पंप, डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो. हात घालायला मोकळी जागा आहे. कोणत्या भागाचे काय काम, हे शिकायला मला इंजिनियर व्हावे लागले नाही. वडील बाजूला उभे राहून सांगत, मी पॉइंटमधले अंतर पातळ पत्तीने मोजून लावी.

अँबेसेडरचे दैवतच वेगळे. मॉरिस ऑक्सफर्डवरून उतरलेली ही गाडी 1957च्या अखेरीस आली आणि मे 2014पर्यंत उत्तरपाड्यात बनत राहिली. आमच्या गटात फियाटवाले आणि अँबेसेडरवाले यांचा जुना वाद आहे आणि तो मिटावा असे कोणालाच वाटत नाही. अँबेसेडरवाले म्हणतात, आमच्या गाडीत लग्नाचे वऱ्हाड मावते आणि दल्ली-राजहराच्या खाणीकडचा जुना रस्ताही ती सोसायची. फियाटवाले म्हणतात, तुमचे स्टिअरिंग वळवायला पैलवान लागतो.

मुंबईच्या रस्त्यांवर काळी-पिवळी पद्मिनी धावत होती तोवर फियाटवाल्यांना सुट्या भागांची फारशी चिंता नव्हती. त्या टॅक्सींच्या जिवावर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरची दुकाने चालत. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे 30 ऑक्टोबर 2023पासून मुंबईत एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही. वर्तमानपत्रांनी तिला भावपूर्ण निरोप दिला आणि ते योग्यच होते. आमच्यासाठी मात्र तो निरोप एका सबंध बाजारपेठेचा होता. गिऱ्हाईक गेल्यावर गॅस्केट, बुश, किंगपिनचे संच बनवणारा छोटा कारखानदार ते कोणासाठी बनवत राहील? अँबेसेडरवाल्यांचे बरे होते, कलकत्त्याच्या पिवळ्या टॅक्सींनी त्यांना बरीच वर्षे तारले. आता तिथेही पंधरा वर्षांच्या नियमाने टॅक्सी विरळ होत चालल्या आहेत. भिलाई मुंबई-हावडा मार्गाच्या साधारण मध्यावर. फियाटचे पार्सल पश्चिमेकडून, अँबेसेडरचे कलकत्त्याच्या मल्लिक बाजारातून, पूर्वेकडून, अशी आमच्या गटाची भौगोलिक सोय होती. दोन्हीकडचा ओघ आटतो आहे.

इथे भिलाई कामाला येते. कारखान्याभोवती लाइट इंडस्ट्रियल एरिया आहे, हथखोजकडे मोठे उद्योग आहेत, नंदिनी रोडला आणि छावणीत लहान लहान वर्कशॉप आहेत. खराद चालवणारे, मिलिंग करणारे, गिअर कापणारे, ओतकामाचा साचा लाकडात कोरणारे लोक इथे गल्लीगल्लीत सापडतात. त्यांतले कितीतरी कारखान्यातून निवृत्त झालेले. रूळ बनवणाऱ्या यंत्राचा तुटलेला भाग हुबेहूब करून देणाऱ्याला फियाटचा किंगपिन म्हणजे किरकोळ काम. पण हे काम नुसते माप घेऊन होत नाही. जुना पिन झिजलेला असतो. झिजलेल्याचे माप घेतले तर झिजलेलाच पिन तयार होतो. मूळ माप किती असावे हे ठरवायला बुशचे आतले माप, वंगणासाठी सोडलेली फट, पोलादाची जात आणि त्यावरचे पाणी, सगळे कळावे लागते. पाणी कमी चढले तर पिन लवकर झिजतो. जास्त चढले तर खड्ड्यात मोडतो, आणि किंगपिन मोडला की पुढचे चाक गाडीची साथ सोडते. हे जाणणारा टर्नर आणि फियाटचा पुढचा भाग डोळे मिटून खोलणारा मिस्त्री, या दोघांची गाठ घालून देणे हे आमच्या गटाने केलेले सर्वांत मोलाचे काम आहे असे मी मानते. त्याचे छायाचित्र कुठल्याही पुरवणीत छापून येत नाही.

क्लबात राहण्याचे सुख म्हणतात ते हे. उन्हाळ्यात भिलाईचा पारा पंचेचाळीसवर जातो. अशा दुपारी गाडी सिग्नलला बंद पडते आणि सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते. नव्या मालकाला वाटते इंजिन गेले. गटातला अनुभवी माणूस फोनवरच सांगतो, पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवा आणि दहा मिनिटे थांबा. उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ झालेली असते, पंप वाफ ओढू शकत नाही. पंप थंड झाला की गाडी निमूट सुरू होते. पुस्तकात हे सापडेल, पण भर उन्हात रस्त्याकडेला उभ्या माणसाला पुस्तक नको असते, माणूस हवा असतो. नागपूरला जाताना राजनांदगाव सोडल्यावर बाघनदीची सीमा लागते, पुढे देवरी, कोहमारा, साकोली. त्या रस्त्यावर कुठे कोणाच्या ओळखीचे गॅरेज आहे, कोणाकडे फियाटचा फॅनबेल्ट मिळेल, याची माहिती आमच्या गटात तोंडी फिरते. एकटीने ती गाडी घेऊन नागपूरला जायचे धैर्य मला या तोंडी माहितीने दिले.

या सुखाला एक कडू बाजू आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही.

सुट्या भागांचा तुटवडा झाला की माणसे बदलतात. चहाच्या टेबलावर जीव ओवाळून टाकणारा सभासद आपल्याला हेडलॅम्पची रिम कुठे मिळाली ते सांगत नाही. कोणी एकाच वेळी तीन कार्बुरेटर घेऊन ठेवतो आणि दुसऱ्याची गाडी वर्षभर विटांवर उभी असते. कोणी सभासद म्हणून येतो, सगळ्यांच्या गाड्या पाहून घेतो, आणि पुढे कळते की तो दलाल आहे. घरातला कर्ता माणूस गेला की पंधरवडा उलटायच्या आत अशी माणसे दारात उभी राहतात. विधवेला सांगतात, ताई, हे भंगार आहे, आम्ही उचलून नेतो, अंगण मोकळे होईल. ती गाडी पुढे मोठ्या शहरात रंगरंगोटी होऊन अनेक पट किमतीला विकली जाते. क्लब म्हणवणाऱ्या मंडळींनी सर्वांत आधी काय करायला हवे असे मला विचाराल तर मी हे सांगेन: सभासद गेल्यावर त्याच्या घरी जाऊन गाडीची खरी किंमत सांगा, आणि ती विकायची की ठेवायची ते त्या घराला ठरवू द्या.

स्पर्धेचे दुखणे वेगळे. परीक्षक मूळपणा पाहतात. इंजिन आणि चासीचे क्रमांक कागदांशी जुळतात का, रंग कंपनीच्या यादीतला आहे का, सीटचे कापड त्या काळचे आहे का. हा आग्रह मला मनापासून पटतो. पुट्टी थापून, धातूचा झगझगीत रंग मारून, आत आजचे स्टिअरिंग लावून गाडी क्लासिक म्हणून मिरवणाऱ्यांना चाप बसलाच पाहिजे. पण त्याच तराजूने एखाद्या निवृत्त फोरमनची रोज चाललेली अँबेसेडर तोलली जाते तेव्हा अन्याय होतो. त्याने पन्नास वर्षे गाडी चालू ठेवली. जे मिळाले ते बसवले, नाही मिळाले ते खरादवर करून घेतले. त्याच्या गाडीचे गुण कापले जातात. शेजारची गाडी ट्रेलरवरून आलेली असते, पैसे मोजून परक्या कारागिरांकडून पूर्ववत केलेली, मालकाला तिचा चोक कुठे आहे हे ठाऊक नसलेली. तिला करंडक मिळतो. असे निकाल पाहून मला दरवेळी वाईट वाटले आहे आणि आयोजकांना मी ते सांगितलेही आहे.

आणखी एक सांगते, कारण ते सांगणाऱ्या बायका कमी आहेत. बहुतेक रॅलींत पोशाखाचे बक्षीस असते. नऊवारी, नथ, जुन्या धाटणीची टोपी, छत्री. बाई शेजारच्या सीटवर बसून हात हलवते. पोशाखाची मौज मलाही आवडते. पण एका मोठ्या रॅलीत नोंदणी टेबलावरच्या गृहस्थांनी मला चालकाचे नाव विचारले आणि मी माझे सांगितल्यावर पुन्हा विचारले. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली असलेली गाडी बाई चालवते यावर विश्वास बसायला त्यांना वेळ लागला. आमच्या भिलाईच्या गटात हा प्रश्न कधी आला नाही. कारखान्याच्या वसाहतीत मुलींनी सायकल, लुना, स्कूटर सगळे चालवले. फियाट त्यापुढची पायरी होती.

मोठ्या क्लबांचे ऋण मात्र मानले पाहिजे. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन 1919ची. तिच्या आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या लोकांनी हॉर्निमन सर्कलच्या परिसरात रॅली भरवल्या नसत्या, ‘स्टेट्समन’ने 1964मध्ये दिल्लीत रॅली सुरू केली नसती, तर कित्येक गाड्या केव्हाच कापल्या गेल्या असत्या. 1971मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि राजवाड्यांतल्या मोटारी मातीमोल भावाने बाहेर पडू लागल्या. तेव्हा ज्यांनी त्या सांभाळल्या ती माणसे श्रीमंत होती, आणि हौशीही होती. प्राणलाल भोगीलाल यांनी अहमदाबादजवळ दास्तानला उभा केलेला संग्रह पाहिला की संपत्तीचा हा उपयोग सार्थ वाटतो. पुढच्या ओळीविषयी माझ्या मनात आकस नाही. ती ओळ म्हणजेच क्लब, या समजुतीशी माझे भांडण आहे.

ही समजूत जिथून आली असे मानले जाते त्या इंग्लंडातली गोष्ट वेगळी आहे. तिथली व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब ही आज जगभर आदराने घेतले जाणारे नाव असलेली संस्था 1934मध्ये निघाली, ती फारसा पैसा नसलेल्या मोटारप्रेमींसाठी. नवी गाडी परवडत नाही, जुनी परवडते आणि ती नव्यापेक्षा चांगली बनवलेली आहे, असे म्हणणारे ते तरुण होते. त्यांच्या गाड्या तेव्हा जेमतेम पाच-दहा वर्षांच्या होत्या. म्हणजे शेवटच्या ओळीतल्या लोकांनीच ती संस्था काढली. भिलाईच्या फियाटवाल्यांनी कोणाकडे पाहायचे असेल तर या मुळाकडे पाहावे.

आता कायद्याकडे येते, कारण तो माझ्या दारात आला आहे.

रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै 2021मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी या वर्गात जाते. चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. राज्याच्या समितीने गाडी तपासायची. नव्याने नोंदणी होणाऱ्या गाडीला क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात. आधीच नोंदलेली गाडी आपला जुना क्रमांक ठेवू शकते. शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, पुढच्या खेपेला पाच हजार. या नियमांनी प्रथमच जुन्या गाडीला वारसा म्हणून कागदोपत्री जागा दिली. त्यासाठी क्लबांनी बरीच वर्षे पाठपुरावा केला होता आणि हे त्यांचे मोठे यश आहे.

पण त्याच नियमांत आहे की ही गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येणार नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, आणि इंधन वा दुरुस्तीसाठीची ने-आण एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची. पुढच्या ओळीतल्या गाड्यांना याने काही फरक पडत नाही, त्या एरवीही गॅरेजातच असतात. माझी पद्मिनी 2025मध्ये पन्नाशीची झाली. तिने सिव्हिक सेंटरला भाजी आणायला जायचे नाही? नागपूरला मामांकडे जायचे नाही? आणि मूळ रूपाची अट लावली तर खरादवर केलेले तिचे भाग, दोनदा रंगवलेले अंग, समितीला चालेल का? तिचे अंग मूळचे आहे, इंजिन मूळचे आहे. पण ज्यामुळे ती जगली त्याच दुरुस्त्या तिच्या विरुद्ध पुरावा होऊ शकतात.

साधी नोंदणी ठेवायची तर दर पाच वर्षांनी फिटनेस तपासणी आणि नूतनीकरण. पंधरा वर्षांवरच्या मोटारीचे शुल्क एप्रिल 2022पासून पाच हजार झाले, आणि ऑगस्ट 2025मध्ये वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारीसाठी ते दहा हजार झाले. धूर ओकणाऱ्या जुन्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात हे धोरण मला मान्य आहे. भिलाईसारख्या गावात राहणाऱ्याला हवेची किंमत कोणी शिकवायला नको. पण वर्षाकाठी थोडेच किलोमीटर चालणारी, नीट ट्यून केलेली फियाट आणि रोज पन्नास खेपा करणारी मोडकी मालवाहू गाडी यांना एकच माप लावू नये. वर्षाला ठरावीक किलोमीटरची मर्यादा घालून जुन्या खासगी गाडीला सामान्य वापराची मुभा द्यावी, ही मागणी क्लबांनी लावून धरायला हवी. आमच्या गटाने ती लेखी मांडायचे ठरवले आहे. मोठ्या क्लबांकडून या मागणीला मिळणारा प्रतिसाद थंड आहे, आणि त्याचे कारण वर आलेच आहे: त्यांच्या सभासदांच्या मुख्य गाड्यांना ही अडचणच नाही.

पर्याय म्हणून भंगार आहेच. आमच्या शेजारी रायपूरला उरला आणि सिलतऱ्याच्या इंडक्शन भट्ट्या आहेत. तिथे भंगार आणि स्पंज आयर्न वितळून घरबांधणीच्या सळ्यांचे पोलाद होते. पोलादाच्या गावात वाढलेल्या मला भट्टीचे भय नाही. पण एकदा वितळलेली डुक्कर फियाट पुन्हा होत नाही.

पेट्रोलचा प्रश्न तर रोजचा. 1 फेब्रुवारी 2000पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, तेव्हा जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट झिजू लागल्या आणि मिस्त्र्यांनी कडक धातूच्या सीट बसवून मार्ग काढला. मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो, म्हणून तो बदल हवाच होता. आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते, जुने रबर फुगवते, टाकी आतून गंजवते. फियाटच्या पेट्रोल पंपातला पडदा, कार्बुरेटरची गॅस्केटे, रबरी नळ्या एकामागून एक जातात. मिश्रण पातळ होते म्हणून जेट थोडे मोठे करावे लागते. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवावी, अर्धवट नको. अर्धवट टाकीत हवेतली ओल शिरते. पावसाळ्यात तर हे पाळावेच. हे सगळे आमच्यातल्या एकेकाने गाडी बिघडवून शिकण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून शिकणे स्वस्त पडते. इथेनॉलला टिकणारे पडदे आणि नळ्या गटाने एकत्र मागवल्या, तेव्हा एकट्यादुकट्याला न विचारणाऱ्या व्यापाऱ्याने आम्हाला माल दिला.

पुढच्या पिढीचे काय, असे सगळे विचारतात. मुले पुण्या-बंगळूरला आणि परदेशी गेली, घरातली गाडी कोण चालवणार? मला या प्रश्नाची फार काळजी वाटत नाही. मोटारीला नवा मालक मिळतो. डिसेंबर 1983ची पहिली मारुती 800 डिसेंबर 2033मध्ये पन्नाशीची होईल, आणि आज मारुतीमागे वेडी झालेली तिशीतली मुले तेव्हा क्लबात येतील. ती येतातच आहेत. आमच्याकडच्या रविवारच्या फेरीत पहिल्या पिढीच्या मारुत्या सामील होऊ लागल्या तेव्हा काही ज्येष्ठांनी नाके मुरडली. त्यांना मी आठवण करून दिली की मोठ्या रॅलींत आपल्या फियाटकडे पाहून अशीच नाके मुरडली जातात. मारुत्या आता येतात आणि सगळ्यांत शेवटी उभ्या राहतात, कारण रांग अजून वयाप्रमाणेच लागते. ते मी बदलू पाहते आहे. आमच्या पुढच्या मेळाव्यात ज्या गाड्या स्वतःच्या चाकांवर सर्वांत लांबून आल्या त्या पुढे लावाव्यात असे मी सुचवले आहे.

माझी खरी काळजी मिस्त्र्यांची आहे. फियाटचा गिअर बॉक्स उतरवून चढवणारे, आवाजावरून टायमिंग ओळखणारे, अँबेसेडरच्या पुढच्या टॉर्शन बारची उंची नजरेने लावणारे उस्ताद साठी-सत्तरीत आहेत. त्यांची मुले संगणकावर चालणाऱ्या गाड्यांच्या वर्कशॉपात पगारी नोकरी करतात, आणि त्यात गैर काही नाही. जुन्या गाड्यांवर आज घर चालत नाही. क्युबात साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन गाड्या अजून रस्त्यावर धावतात, कारण अमेरिकेच्या निर्बंधांमुळे तिथे हे ज्ञान पोटापाण्याचे राहिले. आपल्याकडे ते पोटापाण्याचे राहावे असे वाटत असेल तर मालकांनी दुरुस्तीचे पैसे घासाघीस न करता दिले पाहिजेत. लाखांची गाडी पूर्ववत करून घेणारे लोक दोनशे रुपयांसाठी उस्तादांशी वाद घालताना मी पाहिले आहेत.

आमच्या गटाची नोंदणी करायचे आता चालले आहे. घटना लिहिली जाते आहे, वर्गणी किती यावर वाद आहे. मिस्त्री आणि टर्नर यांना वर्गणी न घेता पूर्ण सभासद करावे, त्यांना मताचा हक्क असावा आणि परीक्षकांत त्यांच्यातला एक तरी असावा, असा ठराव मी दिला आहे. काहींचा विरोध आहे. ते म्हणतात, हा मालकांचा क्लब आहे, मिस्त्र्यांना आपण मान देतोच, रॅलीच्या दिवशी शाल-श्रीफळ देऊ. सभासदत्वाच्या अर्जात गाडीची बनावट, वर्ष, इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांक हे रकाने भरणे सक्तीचे ठेवले आहे. माझ्या ठरावात ती सक्ती काढावी आणि त्या जागी एकच ओळ असावी, की अर्जदाराने कोणकोणत्या गाड्या चालत्या ठेवल्या. दिवाळीनंतरच्या बैठकीत यावर मतदान आहे.